जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेलाच: सिंगापूर ते न्यूयॉर्क

बुधवार

सिंगापूर ते न्यूयॉर्क सरळ विमानाने १५,३४४ किलोमीटर. हा आकडा चांगी ते न्यूअर्क या दोन विमानतळांमधला आहे, नियमित प्रवासी विमानसेवेत यापेक्षा लांबची सरळ उड्डाणं जवळपास नाहीतच. वेळापत्रकात वेळ साडेअठरा तासांच्या आसपास दिलेली असते. दादा तिकडे असतो, आईला घेऊन त्याच्याकडे आठवडाभर जायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम न थांबणारं विमान निवडलं, कारण हे अंतर एका दमात कापताना नक्की काय काय होतं ते मला कधीपासून बघायचं होतं. आणि आई सोबत असली की प्रश्न आपोआप पडत जातात.

तिचा पहिला प्रश्न आजच आला. "अगं, नकाशावर तर न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतंय, मग आपण श्रीलंकेवरून, आफ्रिकेवरून जाणार का?" भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर खरंच तसं दिसतं, सिंगापूरहून निघालेली रेघ श्रीलंका, येमेन, सहारा करत अटलांटिक ओलांडून जाते. पण त्या रेघेने गेलं तर साधारण १८,५०० किलोमीटर होतात, म्हणजे तीन हजाराहून जास्त फुकटचे. पृथ्वी गोल आहे आणि सपाट नकाशा तिला ताणून बसवलेला असतो, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ ही सगळ्यात जवळची वाट नसते, हे शाळेत शिकलेलं असतं पण हाताने केल्याशिवाय पटत नाही. म्हणून आम्ही पृथ्वीचा गोल घेतला आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला.

दोरा सरळ उत्तरेला गेला! सिंगापूरहून निघून थायलंडचं आखात, लाओस, चीन, मंगोलिया, सायबेरिया, मग उत्तर ध्रुवापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरून पलीकडे, आणि तिथून कॅनडाचं बॅफिन बेट, क्वेबेक करत न्यूयॉर्क. आई दोरा परत परत ताणून बघत होती. कारण सोपं आहे, सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम, बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ अगदी समोरासमोरच्या बाजूंना आहेत, आणि मग जवळची वाट डोक्यावरून, ध्रुवावरून जाते.

या जोडीची गंमत अशी की अंतर तोंडी काढता येतं, अवघड सूत्रं लागत नाहीत. सिंगापूर विषुववृत्ताच्या १.४ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून ८८.६ अंश. न्यूअर्क ४०.७ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून ४९.३. बेरीज १३८ धरा. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणाकार करा, १५,३३५ येतात. खऱ्या आकड्यापेक्षा नऊ किलोमीटर कमी, कागद-पेन्सिलीने! मला हे इतकं आवडलं की आईला दोनदा करून दाखवलं, आणि दुसऱ्यांदा तिने स्वतः केलं.

आता जोडीला वेगाचं गणित. मोठं विमान उंचावर आवाजाच्या ८५ टक्के वेगाने उडतं, तिथल्या थंडीत तो ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास पडतो. १५,३४४ भागिले ९००, सतरा तास. चढण्या-उतरण्याचा वेळ आणि जमिनीवर रांगेत सरकण्याचा वेळ धरा, अठरा होतील. अंतर आणि वेळ सांगणारे हिशेब साधारण असेच केलेले असतात. फक्त त्यात एक धरलेलं असतं, की विमान त्या दोऱ्यावरून जाईल आणि वारा नसेल. आमच्या प्रवासात यातलं काहीच झालं नाही.

गुरुवार

विमान रात्री साडेअकराच्या सुमाराचं, म्हणजे दिवस मोकळा. इथे सकाळी सात वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असून! आईला हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं. रेखांशाने बघितलं तर सिंगापूरचं घड्याळ ग्रिनिचच्या सात तास पुढे असायला हवं, पण ते आठ तास पुढे आहे. आधी साडेसात तास होतं, मग मलेशियाने आपलं घड्याळ अर्धा तास पुढे केलं आणि त्यांच्याबरोबर राहायचं म्हणून १ जानेवारी १९८२ पासून सिंगापूरनेही केलं. घड्याळ हा माणसांनी केलेला करार आहे, सूर्य त्याला बांधील नाही, हे या प्रवासात डोक्यात असलेलं बरं.

न्यूयॉर्कशी फरक हिवाळ्यात १३ तास, उन्हाळ्यात १२. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. आम्ही फेब्रुवारीत चाललो होतो म्हणून १३. तिकिटावर गुरुवारी रात्री साडेअकरा ते शुक्रवारी पहाटे साडेपाच असं छापलेलं होतं. आई म्हणाली, "सहाच तास तर आहेत." त्या सहात हे तेरा मिळवायचे, मग एकोणिसाच्या आसपास येतात. आणि तिकिटावरची ही वेळ उडण्याची नसते, विमान दारापासून हलतं तिथपासून पलीकडच्या दाराला लागतं तिथपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून अर्धा-पाऊण तास तरी कमी.

विमान एअरबस ए३५०-९००यूएलआर, यूएलआर म्हणजे फार लांब पल्ल्याचं. सिंगापूर एअरलाइन्सकडे या प्रकारची सात विमानं आहेत आणि ११ ऑक्टोबर २०१८ पासून हा मार्ग त्यांच्यावर चालतो. त्याआधी २००४ ते २०१३ याच मार्गावर चार इंजिनांचं ए३४०-५०० जायचं. ते इंधन फार पीत होतं, तेल महागलं आणि मार्ग बंद झाला, मग पाच वर्षं या दोन शहरांमध्ये न थांबता जाताच येत नव्हतं. अंतर तेच होतं, फक्त ते परवडणारं यंत्र नव्हतं! आताच्या विमानाला दोनच इंजिनं आहेत आणि टाक्यांमध्ये १,६५,००० लिटर इंधन मावतं. त्याचं वजन १३० टनांच्या पुढे, आणि विमानाचं जास्तीत जास्त वजन २८० टन, म्हणजे टाक्या भरल्या की उडताना जवळजवळ अर्धं विमान हे इंधनच असतं. म्हणून माणसं कमी घेतात, आत फक्त १६१ सीट्स, साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. आम्ही प्रीमियम इकॉनॉमीत होतो, तिथे दोन-चार-दोन अशी रचना असते, खिडकीकडच्या दोन आमच्या.

बरेच जण विचारतात की मध्ये थांबून का नाही जायचं, पाय मोकळे होतात. फ्रँकफर्टला थांबून जाणारं विमान आहे, तसं गेलं तर दोन्ही टप्पे मिळून साधारण १६,४५० किलोमीटर होतात, म्हणजे दोऱ्यापेक्षा हजार-अकराशेच जास्त. पण वेळ पाचेक तासांनी वाढतो, कारण दुसऱ्यांदा उतरा, इंधन भरा, परत रांगेत लागा, परत चढा. ज्यांना इतका वेळ बसवत नाही त्यांनी तेच करावं, त्यात काही कमीपणा नाही. आईला मात्र मध्ये उठून सामान काढणं आणि परत तपासणी यापेक्षा एकदाच काय ते परवडलं असतं.

विमान उडालं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावला आणि आईने लगेच ओळखलं, "अगं हे तर उत्तरेला नाही, उजवीकडे चाललंय."

शुक्रवार, समुद्रावर

हो, उजवीकडेच. ईशान्येला. फिलिपिन्सच्या बाजूने वर, मग जपानच्या दक्षिणेकडून प्रशांत महासागरात. दोऱ्याची वाट रशियावरून जाते आणि २०२२ पासून बऱ्याच विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे किंवा त्या स्वतःहून ते टाळतात, हे एक कारण झालं. पण याच्याही आधी हे विमान बऱ्याचदा प्रशांतवरूनच जायचं, आणि त्याचं कारण आहे वारा.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा अरुंद जोरदार पट्टा असतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो आणि जपानच्या आसपास तर जगातल्या सगळ्यात जोरदार पट्ट्यांपैकी एक, ताशी ३०० किलोमीटरच्या पुढेही जातो. तो पहिल्यांदा नीट मोजला तो जपानच्याच एका हवामानशास्त्रज्ञाने, वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून सोडून. आपले निष्कर्ष त्यांनी १९२६ मध्ये एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले, जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून, आणि झालं उलटंच, बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. पुढे १९४४ च्या शेवटी जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना हा वारा अंगावर आला तेव्हा ते चक्रावून गेले होते. मला ओइशींबद्दल फार वाटतं. इतकं मोठं काम केलेला माणूस आणि आज त्यांच्या वाऱ्यावर बसून रोज हजारो लोक जातात, नाव कुणाला माहीत नसतं.

स्क्रीनवर जमिनीवरून मोजलेला वेग ११०० च्या पुढे गेला. आई घाबरली, "इतकं जोरात कशाला चालवतोय?" पण विमान स्वतःच्या ९०० नेच चाललं होतं, हवाच पुढे चालली होती, आणि हवेच्या मानाने विमानाला काही वेगळं जाणवत नाही. नदीच्या धारेत पोहणाऱ्यासारखं आहे ते, हात तेवढेच मारायचे पण काठ भराभर मागे जातो.

साडेपाच-सहा तास झाले असतील, उजव्या खिडकीत उजाडायला लागलं. जपानच्या दक्षिणेला कुठेतरी. हा शुक्रवारचा सूर्योदय. आईने तिच्या छोट्या वहीत नोंद केली, तिला रोजची नोंद ठेवायची सवय आहे.

झोपेबद्दल थोडं. ए३५० मध्ये आतला दाब साधारण ६,००० फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांइतका विरळ असायचा, आणि हवा थोडी कमी कोरडी असते. लांबच्या प्रवासात हा फरक कळतो, डोकं जड होत नाही तितकं. तरी हवा कोरडीच, पाणी पीत राहावं लागतं, आणि पाय हलवत राहणं फार महत्त्वाचं आहे. एवढा वेळ पाय खाली सोडून बसलं की पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, वय झालेल्यांना जास्त. मी आईला दर दोनेक तासांनी उठवून मागपर्यंत चालवून आणत होते, ती वैतागली तरी. ज्यांना आधी असा त्रास झालाय त्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलावंच. वैमानिकही एवढा वेळ सलग चालवत नाहीत, चार असतात, दोघं चालवतात तेव्हा दोघं आतल्या बंकवर झोपतात.

परत गुरुवार

सव्वानऊ तासांच्या आसपास नकाशावर १८० अंशाची रेघ आली, वार बदलतो ती. खाली नुसतं पाणी, ढग, आणि बाहेर भर दुपार. सिंगापूरच्या घड्याळात शुक्रवारची सकाळ होती. रेघेच्या या बाजूला शुक्रवार दुपार, त्या बाजूला गुरुवार दुपार. ऊन तेच, सूर्य तिथेच, वार मात्र मागे.

आई बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "म्हणजे मी एका दिवसाने लहान झाले का गं?" मी म्हटलं नाही, आपण पूर्वेला जाताना घड्याळ तासातासाने पुढे करत आलो, प्रत्येक पट्ट्यात एक तास, सगळी पृथ्वी फिरलो तर ते चोवीस तास होतील, ते कुठेतरी परत करायला हवेत ना, ती जागा ही. तिला अर्धंच पटलं. "आपण सगळी कुठे फिरतोय, न्यूयॉर्कलाच तर चाललोय." हा प्रश्न परतीला सुटला, तिथे सांगते.

या भागात खाली उतरायला जागा फार कमी आहेत. दोन इंजिनांच्या विमानाला नियम असतो की एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे. एके काळी ही मर्यादा एक तासाची होती, म्हणून महासागरावर तीन-चार इंजिनांचीच विमानं जायची. ए३५० ला आता ३७० मिनिटांपर्यंत मान्यता मिळालेली आहे. अल्यूशियन बेटांतलं शेम्या, मिडवे बेट अशी टिकल्याएवढी ठिकाणं या हिशेबात धरलेली असतात. आईला मी हे तेव्हा सांगितलं नाही, उतरल्यावर सांगितलं.

मग पुढे अलास्काच्या आखाताच्या दक्षिणेला सूर्य मावळलाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत सहा तासही झाले नव्हते! आपण सूर्याच्या उलट दिशेने पळत होतो, तो पश्चिमेला आणि आपण पूर्वेला, म्हणून दिवस मधूनच दुमडल्यासारखा झाला. त्यानंतर कॅनडाच्या किनाऱ्यापासून पुढे सगळा अंधार. विमान हलकं होत जातं तसं ते वर चढत जातं, सुरुवातीला ३३ हजार फुटांच्या आसपास होतो, शेवटी ४१ हजारांवर. एकदम वर का जात नाहीत, तर एवढ्या इंधनासकट तेवढ्या विरळ हवेत विमान पेलतच नाही, आधी जाळून कमी करावं लागतं.

शुक्रवार, दुसऱ्यांदा

पहाटे पाचच्या आत चाकं टेकली. हवेत साडेसतरा तास. नकाशावरचा कापलेल्या अंतराचा आकडा १६,६०० च्या जवळ. म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा बाराशेहून जास्त किलोमीटर लांबून आलो, आणि तरीही वेळ आधीच्या हिशेबापेक्षा फारसा वाढला नाही! विमानाने स्वतःच्या वेगाने हवेतून कापलेलं अंतर काढलं तर पंधरा हजार सहाशे-सातशेच होतं, वरचे नऊशे-हजार वाऱ्याने दिले. वैमानिक आणि कंपनीचे मार्ग आखणारे लोक रोज हेच बघत असतात, जमिनीवरचं नाही तर हवेतलं कमीत कमी अंतर कुठून पडतं ते, आणि म्हणून रोजची वाट वेगळी असते.

न्यूअर्क खरं तर न्यू जर्सी राज्यात येतं, मॅनहॅटनपासून जवळच. १९२८ चा विमानतळ, न्यूयॉर्क परिसरातला पहिला मोठा. दादा गाडी घेऊन आला होता. रस्त्यात असताना सूर्य उगवला. आईने वही काढली, मागचं पान बघितलं, आणि म्हणाली, "शुक्रवारचा सूर्योदय मी आधीच लिहिलाय." परत लिही म्हटलं. तिने लिहिला.

शनिवार, रविवार

यात फारसं सांगण्यासारखं नाही. तेरा तासांचा फरक म्हणजे शरीराचं घड्याळ जवळजवळ पूर्ण उलटं, दुपारी तीनला डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क जाग. साधारण दिवसाला एक तास असं शरीर जुळवून घेतं, म्हणजे आठवड्यासाठी जाणाऱ्याने पूर्ण जुळायची आशाच धरू नये. सकाळचं ऊन अंगावर घेणं आणि दुपारी फार झोपू न देणं एवढंच केलं.

शनिवारी ग्रँड सेंट्रल स्टेशन बघितलं. मधल्या चौकशीच्या खिडकीवर चार तोंडांचं घड्याळ आहे, त्याच्याखाली उभं राहून दादाने १८ नोव्हेंबर १८८३ ची गोष्ट सांगितली. त्याआधी अमेरिकेत प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्यावर चालायची, आणि रेल्वेची वेळापत्रकं म्हणजे नुसता गोंधळ. त्या दिवशी रेल्वे कंपन्यांनी मिळून प्रमाण वेळेचे पट्टे लागू केले. न्यूयॉर्कची घड्याळं जवळजवळ चार मिनिटं मागे घ्यावी लागली, काही गावांत तर दुपारचे बारा दोनदा वाजले. सरकारने नाही, रेल्वेने केलं हे! पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य म्हणून मान्य झालं. आम्ही तीन माणसं तेरा तासांच्या फरकाबद्दल इतक्या सहज बोलत होतो, त्यामागे हे सगळं आहे.

सोमवार

हा दिवस मला सगळ्यात आवडला. ४२ व्या रस्त्यावर डेली न्यूजची जुनी इमारत आहे, १९३० ची, आणि तिच्या दालनात जमिनीत खड्डा करून बसवलेला प्रचंड पृथ्वीगोल आहे, बारा फूट व्यासाचा, हळूहळू फिरत असतो. भोवतीच्या फरशीवर धातूच्या रेषा बसवून जगातल्या शहरांची दिशा आणि अंतरं कोरलेली आहेत. एखाद्या वर्तमानपत्राने आपल्या दारात वाचकाला 'तुम्ही इथे आहात आणि जग इतकं लांब आहे' असं दाखवावं हे मला फार मोठं वाटलं.

आम्ही तिथे बसून हिशेब केला. या गोलावर सिंगापूर-न्यूयॉर्कचा दोरा ताणला तर सुमारे साडेचार मीटर लागेल. आणि आपलं विमान, जे आपल्याला इतकं आभाळात वाटतं, ते गोलाच्या पृष्ठभागापासून जेमतेम साडेतीन मिलिमीटरवरून जाईल. आई हात लावायला गेली पण कठडा होता. ती गोल फिरताना बघत राहिली, पॅसिफिक समोर आला की केवढा वेळ नुसतं निळंच येत राहतं.

मंगळवार

आवराआवर. आणि बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे घरातच. दादाने परतीच्या मार्गाचा अंदाज बघितला.

बुधवार

सकाळी दहाच्या सुमाराला न्यूअर्कहून उड्डाण. आता आई तयारीत होती, स्क्रीन लागल्या लागल्या बघितलं. विमान परत उजवीकडे! आलो त्या वाटेने उलटं गेलो असतो तर तोच वारा तोंडावर आला असता, ताशी शंभर किलोमीटरचा विरोध सरासरी धरला तरी वीस-एकवीस तास झाले असते. म्हणून परतही पूर्वेलाच, अटलांटिकवरून. जाताना पूर्व, येताना पूर्व. मला हे आधीपासून ऐकून माहीत होतं, तरी प्रत्यक्ष नकाशावर बघताना अंगावर काटा आला.

अटलांटिकवर विमानांसाठी रोज नव्याने रस्ते आखतात, दिवसातून दोनदा, वाऱ्याचा अंदाज बघून. युरोपकडे जाणाऱ्यांना वाऱ्यात घालतात आणि अमेरिकेकडे येणाऱ्यांना वाऱ्यातून बाहेर काढतात. कॅनडातलं गँडर आणि या बाजूचं शॅनविक अशी दोन केंद्रं मिळून हे करतात. त्यामुळेच न्यूयॉर्कहून लंडनला जायला सात तासांच्या आत-बाहेर लागतात आणि परत यायला आठ, अंतर एकच असून.

चारेक तासांत अटलांटिकच्या मध्यावर सूर्य मावळला, दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. मग युरोप अंधारात, काळा समुद्र अंधारात, मी झोपले.

गुरुवार

जाग आली तेव्हा कॅस्पियन मागे पडला होता आणि उजाडत होतं. वारा आता फारसा मदतीला नव्हता, वेग नऊशेच्या आसपास. पुढे भारतावरून आलो, मग बंगालचा उपसागर, अंदमानच्या बाजूने खाली, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत-बाहेर चांगी. हवेत अठरा तासांच्या आसपास, अंतर साडेसोळा हजारांच्या जवळ. म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ तेवढाच वेळ लागला, पण एक वाट दुसरीची उलटी नाहीच. दोन्ही जोडल्या तर पृथ्वीला एक पूर्ण फेरी होते.

सामानाची वाट बघत असताना आईने वही उघडली आणि सूर्योदय मोजले. गेल्या गुरुवारी रात्री निघाल्यापासून आठ. इथे सिंगापुरात राहिलेल्या माणसाचे सातच झाले असणार, शुक्रवार ते गुरुवार. दादाचे पण त्याच्याकडे सातच व्हायचे, आणि त्यातला सातवा अजून व्हायचा होता, कारण तिकडे गुरुवारची पहाट साडेचारची. आता तिचा तो समुद्रावरचा प्रश्न सुटला. आपण खरंच सगळी पृथ्वी फिरलो, पूर्वेकडून, आणि पूर्वेकडून फिरणाऱ्याला एक सूर्योदय जास्त मिळतो. तो वाटेत दिवस लहान होत होत मिळालेला असतो, कुणी वरून दिलेला नसतो, सहा तासांचा तो एक दिवस आठवा. आणि त्या रेघेवर वार मागे घेतला नसता तर आईच्या वहीत आज शुक्रवार निघाला असता.

जहाजाने पृथ्वीला पहिली फेरी मारणाऱ्या मॅगेलनच्या मोहिमेतल्या माणसांचं याच्या बरोब्बर उलटं झालं होतं. ते पश्चिमेकडून फिरले. १५२२ च्या जुलैमध्ये उरलेलं जहाज केप व्हर्दे बेटांना लागलं तेव्हा त्यांच्या हिशेबाने बुधवार होता, किनाऱ्यावरचे लोक म्हणाले गुरुवार. पिगाफेट्टा नावाचा त्यांच्यातला माणूस रोज न चुकता नोंद ठेवत होता, आजारी न पडता, आणि तरी एक दिवस कमी भरत होता, त्याला काही कळेना. नंतर लक्षात आलं की सूर्याबरोबर पश्चिमेला जात जात त्यांचा प्रत्येक दिवस थोडा थोडा लांबत गेला आणि पूर्ण फेरीत एक सूर्योदय कमी झाला. त्यांना तीन वर्षं लागली होती, आणि मध्ये वार बदलायची रेघ तेव्हा कुणी आखलेलीच नव्हती.

आईला हे सांगितल्यावर तिने वहीत त्या पहिल्या शुक्रवारच्या नोंदीपुढे 'जपानजवळ' आणि दुसरीपुढे 'न्यू जर्सी' असं लिहिलं, आणि मला विचारलं की जून महिन्यात गेलो तर वारा कमी असेल ना, मग विमान कुठून नेतील? उन्हाळ्यात जेट स्ट्रीम उत्तरेला सरकतो आणि ढिला पडतो, त्यामुळे वाट बहुतेक वेगळी असेल, कदाचित थोडी आणखी उत्तरेकडून. दादाला मेसेज टाकून ठेवला आहे, जूनचं बघ म्हणून.